कण्यातल्या साध्या गाठीत अचानक रक्तस्राव: घाई कधी करायची, थांबायचं कधी

प्रश्न असा आहे: चाळिशीतल्या, एरवी धडधाकट व्यक्तीच्या पाठीत एकाएकी जोराची कळ आली. आठ-दहा तासांत दोन्ही पाय जड पडले, लघवी तुंबली. एमआरआयच्या रिपोर्टात ‘मज्जारज्जूलगत गाठ, गाठीत रक्तस्राव, बहुधा साधी’ असं लिहिलं आहे. गाठ साधी आहे तर हे इतकं अचानक कसं झालं? आणि ऑपरेशन आजच करायचं की थांबून?

दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं: रक्त नेमकं कुठल्या कप्प्यात साचलं आहे. मज्जारज्जूच्या आत, त्याच्या बाहेर पण ड्युरा या आवरणाच्या आत, की ड्युराच्याही बाहेर. गाठीचं नाव पॅथॉलॉजीचा रिपोर्ट काही दिवसांनी सांगेल. घाई करायची की नाही, हे कप्पा आजच सांगतो.

‘साधी’ हा शब्द गाठीच्या पेशींबद्दल आहे, जागेबद्दल नाही. छातीच्या भागात मज्जारज्जू जेमतेम एक सेंटिमीटर रुंद असतो आणि त्याभोवतीची हाडाची नळी साधारण दीड सेंटिमीटर. मधली उरलेली जागा पाण्याची, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाची (सीएसएफ). गाठ वर्षाला एखाद-दोन मिलिमीटर वाढत असेल तर मज्जारज्जू बाजूला सरत, चपटा होत निभावून नेतो. रिबिनीसारखा पातळ झालेला मज्जारज्जू घेऊन माणूस स्वतःच्या पायांनी तपासणीला येतो, हे काही नवल नाही. तीच गाठ तासाभरात दोन-तीन मिलिलिटर रक्ताने फुगली तर सरायला सवडच मिळत नाही. आधी शिरा दबतात, त्यातलं रक्त तुंबतं, सूज चढते, मग धमन्यांचा पुरवठा घटतो. नुसता दाब असेल तोवर चेतापेशी बंद पडलेल्या असतात, मेलेल्या नसतात. पुरवठा फार वेळ तुटला की मरतात. घड्याळाकडे बघत काम करायचं ते याच फरकासाठी.

आता गाठी कोणत्या? मज्जारज्जूच्या आत रक्तस्राव करणारा नेहमीचा संशयित म्हणजे कॅव्हर्नोमा. काटेकोर बोलायचं तर ती गाठ नव्हे, रक्तवाहिन्यांची जन्मजात किंवा नंतर तयार झालेली विकृती आहे. दिसायला तुतीच्या फळासारखी, जांभळट, दाणेदार. तिच्यातल्या पोकळ्यांच्या भिंतीत पेशींचा एकच थर असतो, स्नायू नाही, लवचिक धागे नाहीत, त्यामुळे रक्त पाझरत राहतं. प्रवाह मंद असल्यामुळे अँजिओग्राफीत ती दिसत नाही. ‘अँजिओग्राफी नॉर्मल, म्हणजे रक्तवाहिन्यांचा काही दोष नाही’ हा निष्कर्ष इथे फसतो. रक्तस्रावाचं प्रमाण वर्षाला साधारण दोन टक्क्यांच्या आसपास धरतात. एकदा झाल्यावर पुढची काही वर्षं धोका त्याहून जास्त. या गाठीची खूण म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी तब्येत: एक झटका, थोडी सुधारणा, मग काही महिन्यांनी दुसरा झटका, आणि दर वेळी आधीच्या पातळीपेक्षा जरा खालीच स्थिरावणं.

कमरेच्या भागात, मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली, मिक्सोपॅपिलरी एपेन्डिमोमा असतो. फायलम टर्मिनाले या बारीक धाग्यातून तो उगवतो, तरुण वयात जास्त. त्याच्या रक्तवाहिन्यांभोवती बुळबुळीत चिकट पदार्थ साचून भिंती कमकुवत होतात आणि रक्त सरळ पाण्यात मिसळतं. अचानक कंबरदुखी, दोन्ही पायांत सायटिका आणि त्यामागोमाग डोकेदुखी, मान ताठ, हे चित्र न्यूरोसर्जन फिंचर यांनी १९५१ मध्ये मांडलं. आजही ते त्यांच्या नावाने ओळखलं जातं. सबअॅरॅक्नॉइड रक्तस्राव (मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात रक्त) झालाय, मेंदूची अँजिओग्राफी स्वच्छ आहे आणि रुग्ण मानेपेक्षा कंबर धरून कण्हतोय, तर कण्याचा एमआरआय त्याच दिवशी व्हायला हवा. एक दुरुस्ती करायला हवी: या गाठीला पूर्वी ग्रेड १ म्हणत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात ती ग्रेड २ आहे, कारण ती पुन्हा उगवण्याची शक्यता कण्यातल्या नेहमीच्या एपेन्डिमोमाइतकीच असते. शिवाय ती पाण्यातून इतरत्र रुजू शकते. तिला ‘साधी’ म्हणताना हात थोडा राखूनच ठेवावा.

श्वानोमा, म्हणजे नसेच्या आवरणातली गाठ, ही तर नेहमीचीच, पण तिच्यात मोठा रक्तस्राव होणं दुर्मीळ. होतो तेव्हा बहुतेकदा गाठीच्या आतल्या रक्तवाहिन्या फुगून त्यांच्या भिंती काचेसारख्या ठिसूळ झालेल्या असतात, किंवा गाठ स्वतःच्या रक्तपुरवठ्यापेक्षा मोठी होऊन मधोमध सडलेली असते. हिमँजिओब्लास्टोमा या रक्तवाहिन्यांनी भरलेल्या गाठीचं वागणं उलटं: प्रवाह जोरदार, धमन्या जाड, शेजारी मज्जारज्जूत पाण्याची लांब पोकळी. तो आढळला की व्हॉन हिपेल-लिंडाऊ या आनुवंशिक आजाराची तपासणी आलीच. मेनिंजिओमा आणि पॅरागँग्लिओमा क्वचित रक्त सोडतात. ड्युराच्या बाहेर रक्त सोडणाऱ्या म्हणजे अँजिओलायपोमा (रक्तवाहिन्या आणि चरबीची गाठ), एपिड्युरल कॅव्हर्नस हिमँजिओमा आणि मणक्याच्या हाडातला हिमँजिओमा.

या शेवटच्याबद्दल थोडं सविस्तर, कारण रिपोर्टात तो शब्द वाचून घाबरलेले लोक भरपूर असतात. हाडातला हिमँजिओमा शवविच्छेदनांत जवळपास दर दहा माणसांत एकाला सापडतो. एमआरआयच्या टी-१ आणि टी-२ या दोन्ही प्रकारच्या चित्रांत पांढरा, चरबीने भरलेला, सीटी स्कॅनमध्ये आडव्या छेदात ठिपक्याठिपक्यांचा दिसणारा हिमँजिओमा आयुष्यभर गप्प बसतो. त्याचं काही करायचं नसतं. टी-१ वर काळसर, हाडाबाहेर डोकावणारा, मणक्याच्या मागच्या कमानीत पसरलेला असेल तरच तो आक्रमक समजायचा. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, वाढलेलं रक्त आणि शिरांवरचा दाब यांमुळे असा हिमँजिओमा अचानक तोंड वर काढू शकतो.

लक्षणांकडे वळू. पाठीत सुरा खुपसल्यासारखी कळ हे वर्णन फ्रेंच डॉक्टर मिशाँ यांनी १९२८ मध्ये केलं, आणि रुग्ण आजही जवळपास त्याच शब्दांत सांगतात. कळ रक्तस्रावाच्या जागी सुरू होते, पट्ट्यासारखी छातीभोवती किंवा पायांत उतरते. त्यानंतर मिनिटांपासून काही तासांत बधिरपणा, पायांतली शक्ती जाणं, लघवी अडकणं. वेदना आणि लुळेपणा यांच्यामधली ही फट हातातून निसटते, कारण त्या वेळी रुग्णाला ‘पाठ भरली असेल’ म्हणून वेदनाशामक देऊन घरी पाठवलेलं असतं.

फसवणाऱ्या जागा दोन. पहिली म्हणजे स्पायनल शॉक. मज्जारज्जूला झटका बसल्यावर सुरुवातीला पाय कडक होत नाहीत, ढिले पडतात, गुडघ्याचे झटके नाहीसे होतात. ते बघून गियाँ-बारे (प्रतिकारशक्तीनेच नसांवर केलेला हल्ला) समजलं जातं. पण गियाँ-बारेत अशक्तपणा दिवसागणिक चढतो, लघवी सहसा शाबूत राहते आणि छाती-पोटावर बधिरपणाची स्पष्ट रेषा नसते. दुसरी म्हणजे ट्रान्सव्हर्स मायलायटिस, म्हणजे मज्जारज्जूचा दाह. त्याच्या निकषांनुसार सुरुवातीपासून टोकाची अवस्था गाठायला ४ तास ते २१ दिवस लागतात. चार तासांच्या आतच पाय पूर्ण गेले असतील तर आधी रक्तस्राव किंवा मज्जारज्जूचा इन्फार्क्ट (रक्तपुरवठा तुटून ऊती मरणं) शोधायचा. मायलायटिस समजून स्टेरॉइडचे डोस देत दोन दिवस घालवायचे नाहीत.

तपासणी पाच मिनिटांची आहे, पण ती खरोखर करावी लागते. टाचणी घेऊन पायाकडून वर जात बधिरपणाची रेषा काढा: बेंबी म्हणजे डी-१०, स्तनाग्रं डी-४, जांघ एल-१ (डी म्हणजे छातीची पातळी, एल म्हणजे कमरेची). रेषेवर पेनाने खूण करून वेळ लिहा. दोन तासांनी रेषा वर सरकली असेल तर वाद संपला. प्रत्येक सांध्याची शक्ती ० ते ५ मध्ये नोंदवा. गुदद्वाराभोवतीची संवेदना आणि स्नायूचा ताण बघा. लाजेखातर हे टाळलं जातं आणि नंतर अपुरी इजा होती की पुरी, हेच कुणाला सांगता येत नाही. लघवी झाल्यानंतर ब्लॅडर स्कॅन करा. मागे २०० मिलिलिटरपेक्षा जास्त उरली असेल तर मूत्राशयाच्या नसा बाधित आहेत असं धरून चाला. ‘लघवी होतेय की’ यावर विसंबू नका. तुडुंब भरलेलं मूत्राशय थेंबथेंब गळतं, आणि रुग्णाला वाटतं होतेय.

एमआरआय मागवताना सर्वांत जास्त होणारी चूक: पाय गेले म्हणून फक्त कमरेचा एमआरआय. मज्जारज्जू पहिल्या-दुसऱ्या कमरेच्या मणक्यापाशी संपतो, त्यामुळे छातीतली गाठ त्या फोटोच्या चौकटीतच येत नाही. रिपोर्टात मिळते ती एल-४-५ ची किरकोळ फुगलेली चकती, आणि सगळं खापर तिच्यावर. शिवाय बधिरपणाची रेषा खऱ्या जागेच्या बरीच खाली लागू शकते. म्हणून मागणी अशी लिहायची: संपूर्ण कणा, टी-१ आणि टी-२ उभे छेद, संशयित जागी आडवे छेद, फॅट सप्रेशन, ग्रेडियंट एको किंवा एसडब्ल्यूआय (जुनं रक्त टिपणारे एमआरआयचे प्रकार), आणि किडनी ठीक असेल तर कॉन्ट्रास्टसह. फॅट सप्रेशन का, तर टी-१ वर चरबीही पांढरी आणि काही दिवसांचं रक्तही पांढरं. चरबी दाबल्यावर जे पांढरं उरतं ते रक्त, आणि जे विझतं तो अँजिओलायपोमातला चरबीचा भाग.

रक्ताचं वय चित्रावरून काढता येतं. पहिले काही तास टी-१ वर ते मज्जारज्जूच्याच रंगाचं आणि टी-२ वर उजळ. एक ते तीन दिवसांत टी-२ वर काळं. तिसऱ्या दिवसापासून आठवड्यापर्यंत टी-१ वर पांढरं, टी-२ वर अजून काळंच. त्यानंतर दोन्हींत पांढरं. शेवटी कडेला हिमोसिडरिनची, म्हणजे जुन्या रक्तातून उरलेल्या लोहाची, काळी किनार. एकाच गाठीत हे निरनिराळे टप्पे शेजारी शेजारी दिसले तर रक्तस्राव एकदा नव्हे, अनेकदा झालाय. कॅव्हर्नोमाचं निदान इथेच पक्कं होत येतं. एक सावधगिरी: ग्रेडियंट एकोवर हिमोसिडरिनची काळी सावली प्रत्यक्षापेक्षा मोठी उमटते, म्हणून गाठीचं माप त्या चित्रावरून घेऊ नये. दुसरी: ताजं रक्त लहान गाठीला झाकून टाकतं. ‘नुसता रक्तस्राव, गाठ नाही’ असा रिपोर्ट आला तरी सहा ते आठ आठवड्यांनी कॉन्ट्रास्टसह पुन्हा एमआरआय ठरलेलाच. टी-२ वर सापासारख्या काळ्या वाहिन्या दिसत असतील तर कण्याची अँजिओग्राफी. कॅव्हर्नोमाचा संशय असेल तर मेंदूचाही एसडब्ल्यूआय, कारण अनेक जागी कॅव्हर्नोमा असतील तर आजार घराण्यातला असण्याची शक्यता मोठी.

एमआरआयच्या आधी पाठीतलं पाणी काढू नका. गाठीने वाट अडवलेली असताना खालचं पाणी काढलं की दाबाचा तोल बिघडतो, गाठ खाली सरकते आणि कसाबसा चालणारा माणूस सुई काढल्यावर लुळा पडू शकतो. वर, एपेन्डिमोमा असेल तर सुई गाठीतच घुसते, आणि आलेलं रक्त सुईचं की गाठीचं हा वाद मागे राहतो.

निदान होईतो काय करायचं? मानेची पातळी असेल तर श्वासावर लक्ष: डायाफ्रामची (श्वासपटलाची) नस मानेतल्या सी-३ ते सी-५ मधून निघते. फक्त ऑक्सिजनची टक्केवारी बघत बसू नका, ती उशिरा पडते. दर तासाला व्हायटल कपॅसिटी (खोल श्वास घेऊन पूर्ण सोडता येणारी हवा) मोजा, निदान एका श्वासात किती आकडे म्हणता येतात ते नोंदवा. रक्तदाब पडू देऊ नका. सरासरी दाब ८५ ते ९० ठेवण्याची प्रथा अपघाती इजेच्या उपचारातून आली आहे. रक्तस्रावात ती आंधळेपणाने लावली तर गाठ आणखी पाझरेल, तेव्हा दाब पडू द्यायचा नाही आणि औषधं देऊन उगाच चढवायचाही नाही, हा मधला मार्ग बरा. कॅथेटर लगेच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांचा परिणाम एमआरआयच्या रांगेत असतानाच उलटवायला घ्या: वॉरफरिनसाठी व्हिटॅमिन के १० मिलिग्रॅम हळूहळू शिरेतून आणि सोबत प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स, आयएनआरनुसार (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) किलोला २५ ते ५० युनिट; हेपॅरिनसाठी प्रोटामाइन, गेल्या काही तासांतल्या दर १०० युनिटला १ मिलिग्रॅम; डॅबिगाट्रानसाठी इडारुसिझुमॅब ५ ग्रॅम. नुसतं व्हिटॅमिन के देऊन भागत नाही, त्याला तासन्‌तास लागतात. डेक्सामेथासोन बहुतेक ठिकाणी दिलं जातं. गाठीभोवतीच्या सुजेला त्याचा उपयोग होतो, रक्ताच्या गुठळीला नाही. ते दिलं म्हणून ऑपरेशन पुढे ढकलायचं कारण मिळत नाही.

आता मूळ प्रश्न. रक्त ड्युराच्या बाहेर किंवा ड्युराच्या आत पण मज्जारज्जूच्या बाहेर असेल, मज्जारज्जू दबलेला असेल आणि शक्ती कमी होत असेल, तर ऑपरेशन आजच, रात्री असलं तर रात्रीच. बारा तासांच्या आत दाब निघालेले रुग्ण उशिरा निघालेल्यांपेक्षा चांगले सुधारतात. चोवीस तास उलटले म्हणून दार बंद होत नाही, विशेषतः पायाच्या बोटाची जराशी हालचाल किंवा गुदद्वाराभोवती थोडी संवेदना उरली असेल तर. प्रश्नातली व्यक्ती याच गटातली आहे: गाठ मज्जारज्जूलगत, लघवी तुंबलेली, पाय जड. थांबायचं कारण नाही.

मज्जारज्जूच्या आतल्या कॅव्हर्नोमाचा हिशेब निराळा. रक्तस्राव झाला, पण रुग्ण स्थिरावला किंवा सुधारू लागला, तर चार ते सहा आठवडे थांबणं शहाणपणाचं. तोवर सूज उतरते, गुठळी पातळ होते आणि गाठ व निरोगी ऊती यांमध्ये स्वच्छ फट तयार होते, जी सर्जनला ताज्या रक्तात मिळत नाही. डोळ्यांदेखत बिघडत असेल तर मात्र थांबायचं नाही. फार लांबवणंही बरं नाही. पुढचा झटका कधी येईल हे कुणी सांगू शकत नाही, आणि गाठीभोवती चिवट व्रण धरतो. योगायोगाने सापडलेला, कधीच त्रास न दिलेला आणि खोलवरचा कॅव्हर्नोमा असेल तर दरवर्षी एमआरआय करून बघत राहणं रास्त.

ऑपरेशनमध्ये भूल शिरेतून द्यावी, प्रोपोफोल आणि रेमिफेंटानिलवर. गॅस आणि स्नायू शिथिल करणारी औषधं मोटर पोटेन्शियल्स (मेंदूकडून स्नायूंकडे जाणारे विद्युत संकेत) दाबून टाकतात, मग मॉनिटरिंगचा तक्ता शोभेपुरता. श्वासनळीत नळी घालताना दिलेला स्नायुशिथिलक उतरेपर्यंत मूळ नोंद घेऊ नये. डी-वेव्ह (थेट मज्जारज्जूवर टिपलेला हालचालीचा विद्युत संकेत) निम्म्याहून खाली आली की हात थांबवायचा, कोमट पाणी सोडायचं, रक्तदाब वाढवायचा, आणि ती परत येईपर्यंत थांबायचं. ड्युरा उघडण्याआधी अल्ट्रासाउंडने गाठीची दोन्ही टोकं बघून घ्यावीत. हाड कमी कापलं गेल्याचं ड्युरा उघडल्यावर कळलं तर दबलेला मज्जारज्जू त्या फटीतून बाहेर फुगतो.

प्रत्येक गाठ काढण्याची रीत वेगळी. कॅव्हर्नोमात मज्जारज्जू जिथे पृष्ठभागावर निळसर दिसतो तिथून, नाहीतर मधल्या रेषेतून शिरतात. गाठ आकसवत एकसंध काढतात आणि भोवतीची हिमोसिडरिनने पिवळी पडलेली ऊती तशीच सोडतात. मेंदूत ती काढली तरी चालते, इथे तिच्यातून कामाचे तंतू जातात. शेजारची मोठी शीर दिसली तर तिला हात लावायचा नाही, ती निरोगी भागाचं रक्त वाहून नेते. हिमँजिओब्लास्टोमात गाठ उघडायची नाही. आधी धमन्या, मग कड सोडवणं, आणि निचऱ्याची शीर सर्वांत शेवटी. क्रम उलटला तर गाठ फुगून फुटते. श्वानोमात आधी गुठळी काढून गाठ पोकळ करतात आणि ज्या तंतूतून ती उगवली तो विद्युत उत्तेजनेला प्रतिसाद देत नाही याची खात्री करूनच कापतात. मिक्सोपॅपिलरीत फायलम आधी वरच्या टोकाला कापायचा, मग खालच्या. खालून आधी कापला तर तो वर आखडून दिसेनासा होऊ शकतो. कवच न फोडता पूर्ण काढली तर बहुधा तेवढ्यावर भागतं. तुकड्यातुकड्यांनी काढली तर पुन्हा उगवण्याची आणि पाण्यातून पसरण्याची भीती कायम.

मज्जारज्जूच्या आतल्या ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे पाय आधीपेक्षा वाईट वाटणं नेहमीचंच आहे. विशेषतः पाय कुठे पडतोय हे कळेनासं होतं, अंधारात तोल जातो. हे आधी सांगितलेलं नसेल तर घरचे ऑपरेशन फसलं असं समजतात. जखमेतून पाणी येऊ लागलं, उभं राहिल्यावर डोकं दुखू लागलं, तर ड्युरा गळतोय. ड्रेसिंग बदलत बसू नका, सर्जनला बोलवा. पायांतल्या शिरांत गुठळी होऊ नये म्हणून पहिल्या दिवसापासून दाबयंत्रं, आणि सर्जनने हिरवा कंदील दाखवल्यावर, साधारण २४ ते ४८ तासांनी, हेपॅरिन. दर दोन तासांनी कूस. कायमचा कॅथेटर काढून दर चार ते सहा तासांनी स्वच्छ नळीने लघवी काढायला शिकवा, एका वेळी ४०० ते ५०० मिलिलिटरच्या वर साचू न देता. इजा डी-६ किंवा त्याच्या वर असेल तर घामाघूम होणं, डोकं ठणकणं आणि रक्तदाब एकदम चढणं हे तुंबलेल्या मूत्राशयाचं किंवा घट्ट शौचाचं लक्षण असू शकतं. रुग्णाला उठवून बसवा, नळी बघा, दाबाचं औषध त्यानंतर.

पुढचा एमआरआय तीन महिन्यांनी, मग दरवर्षी. गाठ पूर्ण निघाली नसेल तर आणखी जवळजवळ. पाण्यात वारंवार रक्त सोडणारी गाठ वर्षानुवर्षं तशीच राहिली असेल तर मेंदूचाही एमआरआय आणि ऐकण्याची तपासणी करून घ्यावी. लोहाचा काळा थर मेंदूच्या पृष्ठभागावर बसतो, आणि त्याची पहिली तक्रार बहुधा पाठीची नसते, दोन्ही कानांनी कमी ऐकू येण्याची असते.